चौथ्या मजल्यावरचा पहिला नंबर

आखातातल्या बिन महमूदमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बरोबर आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या अंकलनी मला जितके धक्के दिले, तितके उरलेल्या सगळ्या जगाने मिळून दिलेले नाहीत. आणि त्या जगात माझी शाळाही धरली आहे, जिथे मला आधी न सांगता स्टेजवर बोलायला उभं करत असत. अंकल मूळचे रत्नागिरीचे. मम्मी ज्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथली बिघडलेली यंत्रं ते दुरुस्त करायचे. दिसायला अगदी साधे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, हातात खबूस रोटीचं पाकीट. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बोललाच तर फार तर पंख्याबद्दल बोलेल.

पण ते बोलायचे व्हिडिओ गेमबद्दल. टीव्हीला जोडून घरी खेळतात त्या नव्हे, तो त्यांच्या लेखी पोरखेळ होता. कपाटाएवढ्या, नाणं टाकून उभ्याने खेळायच्या जुन्या मशीनबद्दल, आणि ती मशीन पहिल्यांदा बनवणाऱ्या माणसांबद्दल. त्या परदेशी इंजिनियरांविषयी ते अशा जिव्हाळ्याने बोलत की ते सगळे त्यांच्या चुलत्यांपैकी असावेत आणि मागच्या ईदला येऊन गेले असावेत. जगाचा खरा इतिहास त्यांच्या मते एका प्रयोगशाळेत सुरू झाला. तिथल्या शास्त्रज्ञाने पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून विजेच्या लहरी दाखवणाऱ्या छोट्या गोल पडद्यावर टेनिस मांडलं होतं. हे अंकल नुसतं सांगून थांबले नाहीत. त्यांनी हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये तसंच टेनिस स्वतः करून बघितलं. मम्मी नेमकी त्या दिवशी दुरुस्त झालेलं मशीन न्यायला गेली होती. पडद्यावरचा ठिपका या टोकाकडून त्या टोकाकडे उड्या मारताना पाहून तिने क्रूसाची खूण केली आणि ओरडली, "हा कुणाचा पेशंट?"

"पेशंट नाय, सिस्टर," अंकल शांतपणे म्हणाले, "टेनिस आहे. खेळता?"

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र दारूच्या गुत्त्यात ठेवलेल्या मशीनची. मालकाने तक्रार केली की मशीन बंद पडलं. इंजिनियर धावत गेला, उघडून बघतो तर आतला डबा नाण्यांनी इतका भरलेला की नवीन नाणं आत जाईना. ही गोष्ट अंकलनी बारशाला सांगितली, साखरपुड्याला सांगितली, आणि वसईला माझे आजोबा वारल्याचा फोन आला त्या दिवशी आमच्या घरी बसायला आले तेव्हाही सांगितली. पप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "बंद पडलं म्हणजे बिघडलं असं नाय हो. कधीकधी पोट भरलेलं असतं." मला तर वाटलं, आता पप्पा त्यांना घराबाहेर काढणार. पप्पा उठले आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा जेवायला बसले.

मी नऊ वर्षांची असताना अंकलनी तसलं एक मशीन घरीच आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या गेम पार्लरच्या भंगारातून. ते लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवलं, आणि त्याला जागा हवी म्हणून सोफा गॅलरीत गेला. अंकलच्या पत्नी, आमच्या आंटी, मम्मीला म्हणाल्या, "सोफा गेला तेव्हाच कळलं मला, पुढचा नंबर माझा." वरून रांगेने उतरणाऱ्या परग्रहवासीयांना खाली उभं राहून गोळ्या घालायच्या, असा तो खेळ होता. महिनाभर झटून अंकलनी तो जिवंत केला, आणि त्यानंतर कधीही बंद केला नाही. रात्री नाही, सुट्टीत नाही. कारण खेळणाऱ्याने जास्त गुण केले की नावाची तीन अक्षरं टाकता येत, आणि पहिल्या दहांची यादी पडद्यावर झळकत राही. पण मशीनची आठवण फक्त वीज असेपर्यंतची. बटण बंद केलं की सगळी नावं पुसली जाणार. "ज्यांनी हे गेम बनवले ना, त्यांची नावंसुद्धा कंपन्यांनी पडद्यावर येऊ दिली नाय," अंकल कळवळून म्हणत. "निदान खेळणाऱ्याचं तरी पुसू नये."

म्हणून ते दोन महिन्यांसाठी गावी गेले तेव्हा मशीन चालू, आणि मशीनला उकडू नये म्हणून रिकाम्या घरात एसीही चालू. पप्पांचा यावर विश्वासच बसेना. चावी आमच्याकडे. रोज शाळेतून आल्यावर वर जाऊन दोन्ही चालू आहेत ना ते बघायचं, हे माझं काम. "हात मात्र लावू नकोस गो," अंकल जाताना म्हणाले. मी बारा वर्षांची, कुणाशी फारसं न बोलणारी. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत, तेही दोन शब्दांत उत्तर देणारी. त्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. मी पहिल्या आठवड्यातच हात लावला.

गावाला जाऊन आल्यावर अंकलनी मशीनसमोर उभं राहून जी किंकाळी फोडली, ती तीन मजले ऐकू गेली. त्यांचा पहिला नंबर गेला होता. त्यावर दुसरंच नाव होतं: ए ए ए. म्हणजे खेळणाऱ्याने कुठलंच अक्षर निवडलं नव्हतं आणि वेळ संपली होती. त्यांनी वॉचमनला विचारलं, शेजारच्या फिलिपिनो नर्सला विचारलं, पप्पांना तर शपथ घालून विचारलं. मला कुणी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही. तीन वर्षं ए ए ए आमच्या बिल्डिंगमधली दंतकथा होऊन राहिला. "फार मोठा माणूस," अंकल पाहुण्यांना सांगत. "आला, जिंकला, नावसुद्धा न टाकता गेला." मी शेजारी बसून केक खात असे.

मग बिल्डिंग पाडायची नोटीस आली. अंकलना अल खोरच्या क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली होती. मशीन हलवायचं म्हणजे बंद करायचं, आणि बंद करायचं म्हणजे ए ए ए मिटणार. अंकलनी जो उपाय काढला तो ऐकून आंटी खाली बसल्या. हॉस्पिटलने मोडीत काढलेला एक यूपीएस त्यांनी आणला, त्याच्या बॅटरीवर मशीन जोडलं आणि चालू मशीन जिन्याने खाली न्यायला काढलं. पुढे-मागे चार पठाण हमाल, पडद्यावर परग्रहवासी, आणि यूपीएस तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून उलट्या पावलांनी उतरणारे अंकल. "यल्ला, यल्ला, चला! आस्ते! बॅटरी जातेय!"

आमच्या दारासमोर यूपीएस सलग किंचाळायला लागला. "सिस्टर, प्लग! प्लग कुठाय?" अंकल वळले, त्यांचा पाय पायरीवरून सुटला, मशीन कलंडलं, आणि खालच्या हमालाने ते खांद्यावर कसंबसं तोलून धरलं.

"अहो, कोण कुठला तो ए ए ए," आंटी वरून ओरडल्या, "त्याच्यासाठी या माणसांचा जीव घेणार का?"

"अंकल, बंद करा," मी म्हणाले. "तो स्कोअर माझा आहे."

त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं पूर्ण मराठी वाक्य. मम्मीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ठिपका होऊन उड्या मारत होते.

"तू?" अंकल म्हणाले. या वेळी धक्का बसायची पाळी त्यांची होती. "मग नाव का नाय टाकलंस गो?"

"वेळ संपली."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघितलं. "नाववाली समोर उभी आहे," ते म्हणाले. "मग पाटी कशाला? खलास." आणि त्यांनी स्वतःच वायर ओढली. चित्र आक्रसून एक पांढरा ठिपका झालं आणि गेलं.

त्याच संध्याकाळी अल खोरहून फोन आला. "अगो, तुझं नाव दहा वेळा आलंय!" आठवण पुसली की मशीन रिकाम्या यादीत आपल्या मनाने वरपासून खालपर्यंत ए ए ए भरतं, हे त्यांनी मशीन जिवंत झालं त्या दिवशी एकदाच पाहिलं होतं आणि विसरूनही गेले होते. "ये आणि त्यातलं एक तरी खोड. खरं नाव टाक." मी "येते" म्हटलं. अल खोर तासाभरावर. आज परीक्षा, उद्या मुलाखत, असं करता करता राहूनच गेलं, आणि एक दिवस ते रिटायर होऊन रत्नागिरीला निघूनही गेले. सोफा इथेच कुणाला तरी दिला. मशीन कार्गोने गेलं.

तिकडे वीज सारखी जाते. महिन्यातून एखादा तरी मेसेज येतो. "लाइट गेली होती. आत्ता आली. दहाही जागी तूच." मी उत्तर इंग्रजीत लिहायला घेते, मग पुसते आणि मराठीत लिहिते: येते.