म्युझियमची मंडई

आमचं कला-संग्रहालय आधी राईस मिल होतं. आता भिंतींना पांढरा रंग आहे, चित्रांवर पडणारे पिवळे दिवे आहेत, दारात पितळी पाटी आहे. तरीही अधूनमधून कोणीतरी सायकलला रिकामं पोतं लावून येतं आणि कोंडा आहे का विचारतं. आमचा चौकीदार गेटवरूनच ओरडतो, "कोंडा बंद हो गया भैया, अब इधर फोटो मिलता है." फोटो नाही रे बाबा, चित्रं, असं मी त्याला कितीदा सांगितलं. तो मान डोलावतो आणि पुढच्या माणसाला पुन्हा फोटोच सांगतो. आता मी नाद सोडला आहे.

माझं काम तिथल्या कार्यक्रमांचं. वर्षात चार प्रदर्शनं असतात, उन्हाळ्यातलं, पावसाळ्यातलं, दिवाळीनंतरचं आणि ऐन थंडीतलं. प्रत्येकाबरोबर काहीतरी सार्वजनिक ठेवायचं असतं, व्याख्यान, कार्यशाळा, मुलांची चित्रस्पर्धा. स्पर्धेला गर्दी होते, कारण आया येतात आणि मुलांच्या हातातले ब्रश ओढून घेऊन स्वतःच रंगवतात. व्याख्यानाचं मात्र विचारू नका. मागच्या वेळी वक्ते होते, त्यांच्या सौभाग्यवती होत्या, मी होते आणि एक विमा एजंट होता. तो आमच्या एसीखाली झोपायला यायचा. त्याने सौभाग्यवतींना एक पॉलिसी विकली, म्हणजे कार्यक्रम अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

हे सगळं मी हसून सांगते आहे, पण एक गोष्ट मला मनापासून लागत होती. माझ्या बाबांनी एकदाही येऊन माझं काम बघितलं नव्हतं. बाबा केशोरीला असतात, धानाची शेती करतात. गावात कोणी विचारलं की तुमची पोरगी काय करते, तर ते सांगायचे, "गोंदियाले राहाते." भाऊ काय करतो विचारलं की मात्र शाळेचं नाव, हुद्दा, वर्ग, सगळं सांगायचे. माझ्या वाट्याला नुसता पत्ता. त्यांना माझी लाज वाटत होती असं नाही. त्यांना बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि मला ते समजावता येत नव्हतं. प्रदर्शनाचं संयोजन हे शब्द मी फोनवर उच्चारले की पलीकडून म्हशीचा आवाज यायचा, बाबांचा यायचा नाही.

मी बोलवत होतेच. उन्हाळ्यातल्या प्रदर्शनाला बोलावलं तर म्हणाले, "एवढ्या उनात कायले येऊ?" पावसाळ्यात बोलावलं तेव्हा रोवणं, म्हणजे धानाची लावणी, चालू होतं, आणि रोवणं सोडून चित्र बघायला निघालेला माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. थंडीत पक्ष्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मला वाटलं, आता तरी येतील. ते म्हणाले, "पक्षी पाहाले मी गोंदियाले येऊ? नवेगावच्या तलावावर जित्ते पक्षी दिसतेत, अन् कोनी चपला काढाले नाई लावत." मी हात टेकले.

अशात आमच्याकडे नवे संचालक आले. पुण्याचे. माणूस गोड, कामाला वाघ, पण ऐकण्याच्या बाबतीत जरा घाई. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनासाठी त्यांनी कल्पना काढली. चित्रं भिंतीवर आहेतच, पण छोटी चित्रं, पोस्टकार्डं, कागदी मुखवटे हे सगळं बांबूच्या टोपल्यांतून मांडायचं, भाजीसारखं. लोकांनी वाकून निवडायचं, हाताळायचं. प्रदर्शनाचं नाव, कला मंडई.

मी म्हटलं, "सर, इकडे मंडई म्हणजे..."

"मॅडम, मंडई काय असते ते मला नका सांगू. मी मंडईच्या मागच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो."

मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी टोपल्यांचा आकार हाताने दाखवायला सुरुवात केली. मी तोंड मिटलं. एकदा सांगून बघितलं, दुसऱ्यांदा सांगून बघितलं, तिसऱ्यांदा सांगायला मी काही गजराचं घड्याळ नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या झाडीपट्टीत मंडईत भाजी मिळत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतात, प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर आपल्या पाहुण्यांना बोलावतं. लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात. दिवसा दंडार हा लोकनाच चालतो, रात्री नाटक होतं, फुगेवाले आणि जिलेबीवाले येतात, आणि गर्दीत पोरा-पोरींची लग्नं जुळतात. आणि मुख्य म्हणजे, मंडईचं बोलावणं आलं की जायचं असतं. तब्येत, पाऊस, भांडण, काही सबब चालत नाही. न जाणं म्हणजे नातं तोडणंच.

पत्रिका छापून आल्या तेव्हा मी एक हातात घेऊन बसले. कला मंडई. शब्द तोच होता. मंडईचं बोलावणं बाबांनाही टाळता येणार नाही, असं माझ्या मनात आलं आणि मी त्यांना फोन लावला.

"बाबा, पुढच्या रविवारी मंडई हाये. याचं हाये तुम्हाले."

"कोन्या गावची?"

"आमच्या म्युझियमची."

"म्युझियम का गाव होय?"

"गाव नाई. पन मंडई हाये."

"अन् बलावून कोन राहिलं?"

"मीच बलावून राहिली ना."

या वेळी पलीकडून म्हशीचा आवाज आला नाही, बाबांचा आला. ते म्हणाले, "तू बलावून राहिली म्हन्ते तं येतो. त्या दिवशी इटानची मंडई होती. तेथी तुह्या भावाले पाठवतो."

मी फोन ठेवला आणि ऑफिसातल्या ऑफिसात एक गिरकी घेतली. सरांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, एक पाहुणा नक्की झाला.

पण पाहुणा एक नव्हता. प्रचारासाठी आम्ही ऑटोवाला लावला होता. हा गडी नाटकांच्या प्रचारात मुरलेला. आम्ही दिलेला कागद त्याने पहिल्या चौकापर्यंत वाचला आणि पुढे सवयीवर गेला. "कला मंडई! कला मंडई! बायामानसायची बसाची वेगळी सोय! येकदा याल तं याद कराल!" हे ओरडत तो आजूबाजूच्या पाच-सहा गावांत फिरून आला. सर खूश. म्हणाले, "बघा, किती मनापासून करतोय."

रविवारी सकाळी मी पोचले तर गेटसमोर जिलेबीवाल्याची कढई तापत होती. फुगेवाले होते, पिपाण्यावाला होता, हाताने फिरवायचा एक लहानसा झुला उभा राहत होता. यांना कोणी बोलावलं नव्हतं. मंडई आहे म्हटल्यावर यांना बोलवावं लागत नाही. थोड्या वेळात एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून सतरंज्या घेतलेल्या बायका उतरल्या आणि त्यातल्या पुढच्या बाईने मला विचारलं, "दंडार कोठी हाये वो बाई?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "सर, मी सांगत होते, इकडे मंडई म्हणजे..." या वेळी त्यांनी पूर्ण ऐकलं. ऐकून झाल्यावर ते एका टोपलीच्या काठावर बसले आणि टोपली मोडली.

पण लोक आत आले. इतके लोक त्या इमारतीत मिल बंद पडल्यापासून आले नसतील. दंडार नाही म्हटल्यावर थोडे कुरकुरले, मग आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून फिरायला लागले. बायकांनी पोस्टकार्डं बाजूला सारून टोपल्या उलट्यापालट्या करून बघितल्या, विणकाम कसं आहे ते तपासलं आणि टोपली केवढ्याला असं विचारलं. एका मोठ्या अमूर्त चित्रासमोर दोन कुटुंबं समोरासमोर बसली होती. मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू होता. मुलाच्या आईने चित्राकडे बोट दाखवून मुलीला विचारलं, "हे का होय सांग बरं?" मुलगी म्हणाली, "मले नाई समजलं." मुलगा घाईघाईने म्हणाला, "मलेबी नाई समजलं." दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्या चित्राचा एवढा चांगला उपयोग चित्रकाराच्याही मनात आला नसेल.

बाबा दुपारच्या गाडीने आले. अर्जुनीहून पॅसेंजर, स्टेशनवरून ई-रिक्षा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातातल्या पिशवीत नव्या धानाचे पोहे. मंडईला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. मी पाया पडले. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "गर्दी लगित हाये, पाय ठेवाले जागा नाई."

मग त्यांनी चित्रं बघितली. मी बरोबर होते. प्रत्येक चित्रासमोर ते सारखाच वेळ उभे राहिले. आवडलं, नाही आवडलं, काही नाही. धानाच्या बांध्यांचं चित्र असो की नुसते लाल पट्टे असोत, तेवढंच थांबायचं, मान हलवायची, पुढे जायचं. मला कोडं पडलं. मी विचारलं, "बाबा, काही आवडलं का?" तर म्हणाले, "तसं नाई वो. मंडईले गेलं का सगळ्याच घरी जा लागते. एकाले सोडलं तं त्याले राग येते." आणि ते कोपऱ्यातल्या एका अगदी लहान रेखाटनाकडे गेले. तिथे कोणीच थांबत नव्हतं. तिथेही तेवढाच वेळ उभे राहिले. मी तिथे काम करते, पण त्या रेखाटनासमोर मी स्वतः कधी इतका वेळ उभी राहिले नव्हते.

बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जेवाची पंगत कोठी हाये?"

मी म्हटलं, "बाबा, जेवण नाही. चहा-बिस्कीट आहे."

बाबांचा चेहरा एकदम उतरला. खालच्या आवाजात, कोणी ऐकू नये म्हणून, ते म्हणाले, "एवढे मानसं बलावले अन् रांधलं नाई? मंडई तुही होय ना?"

मी धावत सरांच्या खोलीत गेले. ते मोडक्या टोपलीला दोरी बांधत होते. मी सांगितलं, सर, पाहुण्यांना काहीतरी गोड दिलं पाहिजे, नाहीतर माझी इज्जत गेली. माझी का, असं त्यांनी विचारलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी एका शब्दात ऐकलं. बाहेरच्या जिलेबीवाल्याकडे रांग होती, म्हणून ते मागच्या दाराने स्कूटर काढून गावातल्या हलवायाकडे गेले. चौकीदाराने बाबांच्या पिशवीतले पोहे आपल्या बायकोकडे पोचवले, तिने तिकडे कांदे चिरायला घेतले.

मी परत आले तर बाबा बाकावर बसून गर्दीकडे बघत होते. मला म्हणाले, "हे सगळे तूच बलावले?"

"हो."

"सालभर हेच करते?"

"हेच करते, बाबा. वर्षातून चारदा."

त्यांनी पुन्हा गर्दीवर नजर फिरवली. मग म्हणाले, "म्हन्जे तुहं काम पाहुने बलावाचं होय. मंग आतापावतर सांगितलं काऊन नाई? भलतेच मोठमोठे शब्द बोलून राह्यची."

मी सांगते, माझ्या कामाची इतकी सरळ व्याख्या मला कोणी दिली नव्हती. मी काहीतरी बोलणार तोच ते उठले, दुपट्टा नीट केला आणि म्हणाले, "अन् गेटावर कोनीच नाई? पाहुन्याले या म्हनाले घरचं मानूस पायजे." आणि ते सरळ गेटावर जाऊन उभे राहिले.

चौकीदाराने त्यांना आपली खुर्ची दिली. ते बसले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणत होते, "या बाप्पा, या. कोन्या गावचे?" कोणी कामठ्याचं होतं, कोणी आमगावकडचं. प्रत्येक गावात बाबांचा कोणी ना कोणी सोयरा निघत होता. लोक खुलत होते, आत जात होते, आणि आत जाताना मागे वळून "येतो बुवा" म्हणत होते. मी पोह्यांच्या प्लेटी घेऊन दारात उभी राहून बघत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा सर आले. स्कूटरच्या पुढे मिठाईचे डबे रचलेले, अंगावर घाम, केस विस्कटलेले. गर्दीमुळे मागच्या दाराने येता आलं नाही म्हणून समोरून आले. बाबांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"या पाहुने, या. कोन्या गावचे?"

सर गोंधळले. "मी... पुण्याचा."

"लगित दुरून आले बाप्पा!" बाबांना खरंच कौतुक वाटलं. मग डब्यांकडे बघून म्हणाले, "अन् हे एवढं कायले आनलं? आमच्या पोरीनं बलावलं का तुम्हाले?"

मी पुढे झाले. बाबा, हे आमचे साहेब आहेत, म्हणणार होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या जोडलेल्या हातांकडे.

"हो," ते म्हणाले, "त्यांनीच बोलावलं."

बाबांनी त्यांच्या हातातले डबे घेतले आणि माझ्याकडे वळून ओरडले, "पाहात का राहिली? पाहुन्याले पानी आन."

मी पाणी आणलं.