कॅमेऱ्याच्या तळाची अक्षरं

"हलू नका. श्वास सोडा." एवढं बोलून काका कॅमेऱ्याच्या तळावरून अंगठा फिरवायचे आणि मगच खटका दाबायचे. तोवर सोसायटीच्या गणपतीपुढे ओळीत उभ्या असलेल्या आम्हा बायकांचे पाय दुखायला लागलेले.

"काका, आटपा हो!"

"थांब गं. मित्राला विचारतोय."

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. आमच्या डोंबिवलीतले हे काका नौदलातून निवृत्त झालेले. तरुणपणी ट्रेनिंगला रशियात गेलेले, तेव्हा तिथल्या कॅप्टनने निरोप देताना स्वतःचा कॅमेरा त्यांना दिला आणि तळाच्या पत्र्यावर सुईने स्वतःच्या हाताने अक्षरं कोरली. काका ती आधी रशियनमध्ये घुमवून म्हणायचे, मग आमच्यासाठी मराठीत. "माझ्या हिंदुस्थानी भावाला. समुद्र एकच आहे, भेटू." भेट काही झाली नाही. कॅप्टन गेल्याचं कळलं तेव्हा म्हणाले, "आता त्याच्या हातचं एवढंच उरलं."

खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, काका कॅमेरा पुजायचे. त्यांच्या मुलाचा एमआयडीसीत प्लेटिंगचा कारखाना. गेल्या वर्षी त्याने गुपचूप कॅमेरा नेला, पत्रे उतरवून बफिंगच्या चाकावर घासून गुळगुळीत केले, निकेलचा मुलामा चढवला आणि नवमीला पाटावर आणून ठेवला. मी झेंडू द्यायला गेलेले.

"बघा बाबा, नवाकोरा! खालचे ओरखडेपण साफ काढले."

काकांनी कॅमेरा उचलला. अंगठा तळावरून गेला, परत गेला.

"छान झालंय हो," ते म्हणाले.

ओरखडे! अहो, जन्मभर बापाच्या तोंडून ऐकलं, पण कान दिले असतील तर ना! घरात माणूस जिवंत आहे, त्याला एका शब्दाने विचारायला काय जात होतं? मी चिडलेय हे काकांनी ओळखलं. जिन्यात मला गाठून म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस. हौसेनं केलंय पोराने. माझी शपथ आहे तुला."

त्यानंतर त्यांनी एकही फोटो काढला नाही. यंदाचा गणपती सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, काका नाहीत.

काकांच्या तेराव्याला हार घातलेल्या फोटोशेजारी कॅमेरा लखलखत होता. मुलगा येईल त्याला सांगत होता, "एवढा चकाचक करून दिला, पण बाबांनी परत हात लावला नाही. कौतुक म्हणून नव्हतंच त्यांना." लोक माना हलवत होते. मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही तर तिथेच होतात. सांगा, कसा झाला होता?"

मी हारातल्या फोटोकडे पाहिलं.

"छान झालाय हो," मी म्हणाले आणि चपला घालून घरी आले.