खुंट्यांचा डोंगर

बाबली आरोंदेकर मोजणी शिकला तो मार खाऊन. गोवा मुक्त होऊन पाच वर्षं झाली होती. सातवी पास होऊन घरी बसलेला हा पोरगा तेरेखोलची नदी होडीने ओलांडून पेडण्याला आला आणि तिथून एका खनिजाच्या ट्रकमधून डिचोलीला. एका खाण कंपनीने त्याला मोजणीच्या पथकात खलाशी म्हणून घेतलं. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. साखळी ओढायची, झाडी तोडायची, खुंट्या ठोकायच्या आणि साहेबाने यंत्राला डोळा लावला की समोर उंच पट्टी धरून उभं राहायचं, हे त्याचं काम.

पथकाचा सर्व्हेअर गोकुळदास मांद्रेकर. काळा, सुका माणूस, पण हात लोखंडाचा. पहिल्याच दिवशी बाबली पट्टी धरून उन्हात उभा होता, तेव्हा गोकुळदास शंभर पावलांवरचं यंत्र सोडून शांतपणे चालत आला आणि त्याच्या कानाखाली अशी लगावली की बाबली करवंदीच्या जाळीत जाऊन पडला.

"पट्टी कलली," गोकुळदास म्हणाला. "तुझी पट्टी बोटभर कलली म्हणजे माझा डोंगर बोटभर खोटा. कळ्ळें?"

बाबली उठला, अंगातले काटे उपटले आणि पट्टी सरळ धरली. त्यानंतर सहा वर्षं तो असाच शिकत गेला. उतारावर साखळी जमिनीला टेकवायची नाही, आडवी ताणून धरायची आणि टोकाशी ओळंबा सोडायचा, हे पाठीत बसलेल्या गुद्द्याने शिकला. वहीत आकडा चुकला तर खोडरबर लावायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा, हे वही तोंडावर बसल्यावर कळलं. होकायंत्र वाचताना कमरेचा कोयता दूर ठेवायचा, नाहीतर काटा लोखंडाकडे ओढ घेतो. जंगलातून झाडी तोडून सरळ ओळ काढताना मागे रोवलेले दोन रॉड एकामागे एक लपले पाहिजेत. खनिजाचे सुटे काळे दगड कुठून घरंगळत आले ते बघत चढावर जायचं, आणि जिथे ते संपतात तिथे खड्डा खणायचा. खड्ड्यात थर दिसला की तो कुठल्या दिशेला आणि किती झुकलाय ते मोजायचं.

गोकुळदास मारायचा तसा जेवूही घालायचा. स्वतःच्या डब्यातली मासळी अर्धी करायचा. बाबली त्याला भ्यायचा आणि त्याच्यासारखं व्हायचं म्हणून झुरायचा.

बहात्तर साली कंपनीने त्यांना कारापूरच्या पलीकडच्या एका डोंगरावर पाठवलं. डोंगराच्या पोटात पाण्याचा एक झर होता आणि झराखाली गावाची कुळागरं. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल, सगळं त्या एका पाण्यावर. वरची जमीन कंपनीच्या परवान्यातली, खालची गावाची. पथकाने पन्नास पन्नास मीटरवर ओळी तोडल्या आणि चार दिवसांत शंभरावर खुंट्या ठोकल्या.

पाचव्या दिवशी सकाळी वर गेले तर एकही खुंटी जागेवर नव्हती. माथ्यावर राखेचा ढीग होता.

गोकुळदासने पुन्हा खुंट्या तासायला लावल्या. पुन्हा ठोकल्या, पुन्हा जळल्या. तिसऱ्यांदाही राखच. गोकुळदास खाली गेला आणि कंपनीच्या ट्रकतळावरचे आठ गडी दांडकी देऊन घेऊन आला.

त्या दिवशी गावही वर आला. वीस-बावीस माणसं, पुढे यशवंत गांवस. झराला सगळ्यात जवळचं कुळागर त्याचं.

"हय खुंटी मारू नकात," यशवंत म्हणाला. "चार वेळा सांगतलंय. खाली आमचा पाणी असा."

"कागद आहे माझ्याकडे," गोकुळदास म्हणाला.

"कागद पिऊन पोफळी जगतली?"

गोकुळदासने यंत्राला डोळा लावला आणि बाबलीला हाताने खूण केली. बाबली लाल-पांढरा रॉड घेऊन पुढे निघाला. त्याच क्षणी यशवंतने यंत्राच्या तिकाटण्याला लाथ घातली.

ते यंत्र गोकुळदासने पंधरा वर्षं वापरलं होतं. पाऊस आला तर तो आधी यंत्रावर कांबळं घालायचा, मग स्वतःवर. ते कड्यावरून गेलं, एका दगडावर आपटलं, काच फुटल्याचा आवाज आला आणि ते दरीत दिसेनासं झालं. गोकुळदासने यशवंतचा गळा धरला. दोघं जमिनीवर आले. यशवंतच्या कमरेला कोयता होता. तो कधी निघाला ते बाबलीला दिसलंच नाही. दिसला तो गोकुळदासचा उजवा हात, मनगटापासून वर उघडा पडलेला आणि आतलं पांढरं.

बाबलीच्या हातातल्या रॉडला खाली टोकदार लोखंडी बूट होता. खडकाळ जमिनीत घुसावा म्हणून. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि यशवंतच्या गुडघ्यावर घातला. एकदा. मग परत एकदा. दुसऱ्यांदा नारळ फोडल्यासारखा आवाज झाला.

पुढे सगळं एकत्र झालं. ट्रकवाले गडी पडलेल्या यशवंतवर तुटून पडले. गावाने दगड उचलले. एक दगड बाबलीच्या तोंडावर बसला आणि पुढचे दोन दात गेले. कुणाचं तरी डोकं फुटलं, कुणाची तरी बरगडी. यशवंत कुशीवर पडून पाय छातीशी घ्यायला बघत होता आणि पाय येत नव्हता. बाबली हे बघत उभा राहिला. त्याच्या हातात रॉड होता. गड्यांना तो थांबवू शकला असता. त्याने थांबवलं नाही.

फौजदाराने गावातल्या अकरा जणांवर गुन्हा घातला. कंपनीच्या वकिलाने बाबलीला शिकवलं, "गुडघा दगडावर आपटून फुटला असं सांग."

"मी मारला," बाबली म्हणाला.

"तू सांगायचंस ते सांग," वकील म्हणाला, "लिहायचं काय ते आम्ही बघू." आणि कागदावर दगडच लिहिला गेला.

गोकुळदासची जखम भरली, पण तीन बोटं मेली. यंत्राचे बारीक स्क्रू फिरवायला आता त्याला हात नव्हता. कंपनीने नवं यंत्र दिलं आणि त्यामागे बाबलीला उभं केलं. ज्या जागेसाठी तो सहा वर्षं झुरला, ती त्याला अशी मिळाली. पहिल्या दिवशी त्याने यंत्र समपातळीत आणलं डोळा लावला आणि समोर पट्टी धरलेल्याला हाताने खूण केली.

पोलिसांच्या पहाऱ्यात डोंगर मोजून झाला. शेवटच्या आठवड्यात बाबलीने खड्ड्यातल्या थरांचा झुकाव मांडला. खनिज दरीकडे उतरत होतं. उंचीचे आकडे जोडता जोडता तो झरापर्यंत आला आणि पट्टी झराच्या तोंडाशी धरायला लावली. झर समुद्रसपाटीपासून त्रेचाळीस मीटरवर होता. कंपनीने आखलेल्या खाणीचा तळ एकतीसवर. त्याने पुन्हा मोजलं. मग उलट बाजूने, नदीकाठच्या खुणेपासून मोजत आला. आकडा तोच. तळ झराच्या बारा मीटर खाली गेला की पाणी खाणीत उतरणार आणि कुळागरं कोरडी पडणार.

त्याने झर नकाशावर काढला आणि आकडा शेजारी लिहिला.

"हा काढून टाक," गोकुळदास म्हणाला. "हेड ऑफिसला झर नको."

"आहे तो कसा काढू?"

"नकाशा कंपनीचा."

"तुम्हीच सांगितलं होतं. बोटभर कलली तर डोंगर खोटा."

गोकुळदासने डावा हात उचलला आणि पूर्वीसारखीच लगावली. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा बाबलीने तो हवेतच धरला. गोकुळदासचं मनगट बारीक झालेलं त्याला जाणवलं. त्याने हात सोडला आणि मेजावरचा नकाशा पारदर्शक कागदावर गिरवायला बसला. गोकुळदास बघत राहिला. अडवलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबली तो कागद घेऊन यशवंतच्या दारात गेला. यशवंतची बायको चंद्रावती अंगणात लाकडं फोडत होती. तिने त्याला ओळखलं. हातातलं लाकूड तिने त्याच्या खांद्यावर घातलं, मग मानेवर. बाबली गुडघ्यावर आला, पण हात वर केला नाही.

"तुज्या आवशीक पायाशिवाय घो मिळांदी!" तिने किंचाळत त्याच्या आईला बिनपायाच्या नवऱ्याचा शाप दिला आणि तिसऱ्यांदा लाकूड उचललं.

"राव गे," ओसरीवरून यशवंतने तिला थांबवलं. "काय म्हणता ता ऐकांया."

यशवंत ओसरीवर बाजल्यावर बसला होता. उजवा पाय फळीसारखा सरळ. बाबलीने कागद त्याच्यापुढे पसरला. झर कुठे, थर कुठे, तळ कुठे, हे बोटाने दाखवलं. समजायला यशवंतला वेळ लागला नाही. डोंगराचा उतार त्याला बाबलीपेक्षा ठाऊक होता.

"हे तुझ्या सहीन दितलंस?"

बाबलीने पेन्सिलीने सही केली आणि तारीख घातली.

"कागद ठेव," यशवंत म्हणाला. "तुका माफ केला असा समजू नको. परत ह्या वाटेन येऊ नको."

गावाने कागद कोर्टात दिला. कंपनीच्या वकिलाने नकाशा खोटा म्हटलं. न्यायाधीशांनी बाहेरचा सर्व्हेअर पाठवला. त्याचा आकडा चार बोटांच्या फरकाने तोच आला. झराच्या बाजूला खणायला मनाई झाली. खाण डोंगराच्या दुसऱ्या अंगाने सुरू झाली आणि तिथल्या शेतांत पुढच्याच पावसाळ्यात लाल चिखल उतरला. त्या शेतकऱ्यांचा झर कुणी मोजला नव्हता.

बाबलीची नोकरी निकाल लागण्याआधीच गेली. ट्रकतळावरच्या त्याच गड्यांनी त्याला बस थांब्यावर गाठलं. त्यातला एक कुजबुजला, "आमका सांगलां हां, बाबली, आमचो काय राग ना," आणि दांडकं बरगड्यांवर घातलं. दोन मोडल्या. तो पेडण्याला परत आला आणि नदीपलीकडे घरी न जाता तिथेच भाड्याची खोली घेतली. सर्व्हेअर म्हणून त्याच्या नावावर कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. पण काजूच्या बागा, भाताचे खाजगी तुकडे, भावांच्या वाटण्या मोजायला लोक त्याला बोलवू लागले. पुढे कमलाक्षीशी लग्न झालं. लग्नाआधी त्याने तिला गुडघ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "माझ्यावर हात उचललास तर मी गप्प बसणारी न्हय." त्याने कधी उचलला नाही.

यशवंत त्याला एकदाच दिसला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, काठी टेकत, पोफळीच्या सुपाऱ्यांच्या गोणीशेजारी. दोघांची नजरानजर झाली. यशवंतने नजर हटवली नाही. बाबलीच आधी वळला.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात धारगळीकडे दोन भावांच्या काजूच्या बागेची हद्द मोजायची होती. साखळी पसरली तेव्हाच थोरल्याच्या हातात पिकास होती आणि धाकट्याच्या कोयता. मोजणीत हद्द थोरल्याच्या बागेत हातभर आत सरकली. धाकटा खुशीने ओरडला, थोरल्याने पिकास उचलली आणि बाबली मध्ये गेला. पिकासीचं आडवं पातं त्याच्या डाव्या खांद्यावर उतरलं.

तो खाली बसला. सदरा लाल होत होता. थोरला पिकास टाकून पांढराफटक उभा राहिला.

"बसा दोघंय," बाबली म्हणाला. "कोयता थय ठेव. लांब. होकायंत्र बिघाडता."

दोघं बसले. कुणीतरी धोतर फाडून खांदा बांधला. मग त्याने उजव्या हाताने साखळी परत धरली, दुसरं टोक धाकट्याला धरायला दिलं आणि अर्ध्यावर राहिलेली हद्द शेवटपर्यंत मोजली. तीन दगड पुरले. वहीत आकडे लिहिले. एका दगडाचा आकडा चुकला होता, तिथे त्याने एक रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. मगच तो पेडण्याच्या दवाखान्यात जायला कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसला.