अंगावरचा नमुना

बांगलादेश आमच्या गल्लीत आधी रेडिओवरून आला आणि मग सुताच्या गठ्ठ्यांतून. गांधीबागेच्या कापडबाजारातून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमची विणकरांची वस्ती. मी मूळची मौद्याची. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा घरात तीन माग होते. एकावर सासरे बसत, एकावर माझा नवरा, आणि तिसऱ्यावर सासूबाई. बायकांनी कांड्या भराव्यात, सूत उकलावं, खळ शिजवावी, पण मागावर बसू नये, अशी वस्तीची रीत होती. सासूबाईंनी ती माझ्या येण्याच्या कितीतरी आधी धाब्यावर बसवली होती. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी.

मामाजींचं तोंड मागावरच्या धोट्यापेक्षा जास्त चालतं, असं आत्याबाई म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. नागपूरची राजधानी गेली हे दुःख त्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसासारखं सांभाळलं होतं. कापूस आमचा, गिरण्या मुंबईच्या, आणि आमच्या वाट्याला हिवाळ्यात संत्री खायला येणारे मंत्री, हे त्यांचं रोजचं भजन. त्यामुळे पूर्व बंगालचं भांडण सुरू झालं तेव्हा ते त्यांना लगेच समजलं. तिथला ताग तिथले शेतकरी पिकवतात आणि त्याचा पैसा हजार मैलांवरच्या दुसऱ्याच शहरात जातो, हे पेपरात वाचून ते मागावरून उठलेच. माझ्या नवऱ्याला म्हणाले, पाह्य, हे आपलंच लिहिलं आहे. त्या दिवशी त्यांनी निम्मंच कापड विणलं.

मग लष्कराने तिथे जे केलं त्याच्या बातम्या येऊ लागल्या. एकदा मामाजींनी वाचून दाखवलं की विणकरांची गावंच्या गावं जाळली, माग जाळले, सूत लुटलं. आत्याबाईंनी फणी ठोकायची थांबवली. माणसं मेल्याचं त्या रोज ऐकत होत्या, पण माग जळल्याचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सांगताना मला त्यांची लाज वाटत नाही. ज्याच्या घरात मागाचा आवाज हाच चुलीचा आवाज असतो, त्याला ते कळेल.

एकाहत्तरच्या डिसेंबरात ढाका मोकळं झालं आणि आमच्या गल्लीत पेढे वाटले. पण त्या पेढ्यांखाली कोणाच्याही पोटात फार काही नव्हतं. सूत महागलेलं, पॉवरलूमने बाजार खाल्लेला, निम्म्या घरांतले माग कापड टाकून झाकून ठेवलेले. अशात गांधीबागेतला एक दलाल आला. नव्या देशात बायकांना नेसायला नाही, आपलं सरकार तिकडे साड्या पाठवतंय, काम मोठं आहे, म्हणाला. त्यासाठी आधी नमुना द्यायचा होता. गल्लीत सगळ्यांत साफ हात आत्याबाईंचा, म्हणून तो आमच्याकडे आला.

आत्याबाईंनी जन्मभर नऊवारी लुगडीच विणली आणि नेसली. तिकडे नेसतात ती पाचवारी त्यांना अर्ध्यावर सोडलेल्या कामासारखी वाटायची. तरी त्यांनी ती साडी अशी विणली, जणू लेकीच्या लग्नाची होती. पांढरं अंग, हिरवा काठ, घट्ट पोत. शेवटच्या टोकाला दोन लाल धागे घातले. ती आमच्या घराची खूण. गल्लीतल्या प्रत्येक घराची अशी खूण असे, कोणाची पिवळी, कोणाची निळी. खूण घातली की कापडाबद्दल घराने शब्द दिला, असं आम्ही मानायचो. नमुना पसंत झाला आणि झाकलेले माग उघडायची तयारी सुरू झाली.

सूत आलं तेव्हा मीच ते हातात घेतलं. नमुन्याच्या सुतापेक्षा ते बारीक होतं, आणि जेवढ्या साड्या सांगितल्या होत्या तेवढ्यांना पुरण्यासारखं नव्हतं. दलालाने उपाय सांगितला: विरळ विणा, ठोका हलका मारा, आणि वरून खळ जाड द्या. पहिल्या धुण्यापर्यंत कापड भरीव दिसतं. त्यानंतर ते कुठे असणार आणि आपण कुठे! वर त्याने असंही सुचवलं की या मालावर घराच्या खुणा नकोत.

गल्लीतल्या माणसांनी मान डोलावली. मी त्यांना नावं ठेवणार नाही, लेकरं भुकेली असली की मान आपोआप डोलते. मला राग आला तो मामाजींचा. नव्या देशासाठी वर्षभर गल्ली डोक्यावर घेणारा माणूस त्या रात्री जेवताना आत्याबाईंना म्हणाला, "अवं, आधी आपल्या पोटाचं पाह्य. देशाचं मंग पाहू. तिकडं कोण पाहून राहिलं?"

आत्याबाईंनी ताटातलं संपवलं, हात धुतले आणि मग उत्तर दिलं. "काहून नाही पाहणार? ज्याइचे माग जळले, थे विणकरच होते ना? त्याइच्या बायका कपडा डोळ्यानं नाही, बोटानं पाह्यतात."

आमच्या तीन मागांवर त्या साड्या चढल्या नाहीत. आम्ही पंचे विणले, तेही उधारीच्या सुतावर. बाकी गल्ली रात्रंदिवस खडखडत होती आणि आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीला चटणीची सोबत होती. नवरा कुरकुरायचा. मला माहेरी जाऊन यावंसं वाटायचं. आत्याबाईंनी मात्र शेजाऱ्यांना एका शब्दाने टोचलं नाही. कोणाची कांडी संपली तर मला भरून द्यायला लावायच्या.

काही महिन्यांनी पेपरातली भाषा बदलली. तिथे तांदूळ मिळेना, मिठालाही लोक रांगा लावत होते. कालपर्यंत एकत्र लढलेले आज एकमेकांच्या अंगावर धावत होते. कोणी म्हणे सगळा माल सीमेपलीकडे भारतात चालला, कोणी म्हणे पूर्वीचे मालक गेले आणि नवे आले. या सगळ्या रागाला हाताशी एक निशाणी मिळाली होती: भारतातून आलेल्या साड्या. लोक त्यांना मच्छरदाणी म्हणत होते. सीताबर्डीच्या चहाच्या टपऱ्यांवर आपले लोक चिडले. आपण यांना सोडवलं आणि हे कापडात खोट काढतात, उपकाराची जाण नाही! मामाजींनी ती बातमी वाचायला घेतली, अर्ध्यावर घडी घातली आणि पेपर मांडीखाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी कोणाशीही वाद घातला नाही.

आणि मग दलाल पुन्हा आला. दुसरं काम निघालं होतं, पण या वेळी सरकारी साहेब स्वतः येऊन नमुना बघणार होते. दलालाला आत्याबाईंची ती साडी हवी होती. पसंतीनंतर ती आमच्याकडे परत आली होती, घडी न मोडलेली. ती दाखवायची, शिक्का घ्यायचा आणि माल मागच्यासारखाच विणायचा. सगळी गल्ली आमच्या दारात जमली. समोरच्या घरची कर्ती बाई, जिच्या घरात चार पोरं आणि एकच माग होता, ती आत्याबाईंच्या पायाशी बसली. माय, तू नाही म्हटलं तर आमची चूल विझेल, एवढंच ती म्हणाली. त्या रात्री आत्याबाई झोपल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे, कारण मीही जागीच होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ओसरीवर खुर्ची टाकली, चहा झाला, दलालाने साडी आणायला सांगितलं. आत्याबाई आतून आल्या आणि मी दाराशीच थिजले. नऊवारीशिवाय दुसरं काही अंगाला न लावलेली ती बाई पाचवारी नेसली होती. निऱ्या चुकलेल्या, पदर आखूड, चाल अवघडलेली. कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"नमुना मी नेसून आहो, साहेब," त्या म्हणाल्या. "माल असाच नेत असान तं हे साडी सोडून देतो. नाही तं जाळं विणाले दुसरी गल्ली पाहा."

मग त्यांनी पदराचं टोक माझ्या हाती दिलं आणि ते साहेबांपुढे धरायला सांगितलं. साहेबांनी ते दोन बोटांत घेऊन चोळलं. मागच्या कामातली एखादी साडी आहे का, असं त्यांनी विचारलं. कोणी हलेना. शेवटी समोरच्या घरचीच बाई उठली, घरात गेली आणि डागामुळे परत आलेली एक साडी घेऊन आली. साहेबांनी ती बादलीत बुडवायला लावली. खळ पाण्यात उतरली, आणि बाहेर आलं ते बघून दलालाने मान खाली घातली.

काम गेलं नाही. छोटं झालं. पुरेसं सूत मिळेल तेवढ्याच साड्या, पण नमुन्यासारख्या, असं ठरलं. गल्लीला दोन वेळा पोटभर मिळालं असं नाही, पण कोणाची चूल विझली नाही. आणि न सांगता एकेका घराने टोकाला आपली खूण घालायला सुरुवात केली. निळी, पिवळी, जांभळी. मामाजी प्रत्येक मागापाशी जाऊन ती बघून यायचे. आमच्या त्या एवढ्याशा गठ्ठ्यांनी एका देशाचा राग विझणार नव्हता आणि विझलाही नाही. पुढे तिथे काय काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलं. पण आमचं वेगळं राज्य मिळो न मिळो, राजधानी राहो की जावो, नागपूरच्या एका गल्लीने त्या वर्षी आपला शब्द खाली पडू दिला नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी कोणासमोरही लपवत नाही.

माल न्यायला दलाल आला तेव्हा शेवटचा गठ्ठा शिवून झाला होता. आत्याबाई घरात गेल्या. पुन्हा नऊवारीत बाहेर आल्या, हातात ती पाचवारी, धुऊन वाळवून घडी घातलेली. हीपण टाक, म्हणाल्या. दलाल आता त्यांच्याशी जपून बोलायचा. त्याने समजुतीने सांगितलं की एकदा नेसलेली साडी नव्या मालात चालत नाही.

"नवी साडी कोणालेबी देता येते गा," आत्याबाई म्हणाल्या. "आंगावरची सोडून फक्त बहिणीले देतात."

त्याने गठ्ठ्याची शिवण उसवली.