मान वळवली की अडखळणारी मंडई

आयुष्यभर मी इतरांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे कधी वाटले नाही. आजही वाटत नाही. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हिंजवडीतल्या एका लहानशा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम शिकू लागले. तेथे आभासी मंडई तयार होत होती. अर्धांगवायूतून सावरणाऱ्या रुग्णांनी डोळ्यांवर पडद्याचा चष्मा चढवून तीत फिरावे, म्हणजे गर्दीत चालण्याची भीती जाईल, अशी कल्पना. सेकंदाला किती चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, यावर त्या जगाचा सहजपणा अवलंबून असतो. तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसे आणि नेहमीच उत्तम असे.

बुधवार पेठेत घड्याळांचे दुकान चालवलेले एक वृद्ध गृहस्थ चाचणीला येत. पुन्हा एकट्याने मंडईत जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. थोडे चालताच त्यांना चक्कर आली आणि त्यांनी चष्मा काढला.

"अहो बाई, तुमची मंडई अडखळते."

"काका, आकडा बघा ना, एकदम स्मूथ आहे," आमचा तरुण प्रमुख म्हणाला.

"मग आकड्यालाच पाठवा भाजी आणायला."

आम्ही हसलो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र ती चक्कर आजाराचीच धरली आणि त्यांना या उपचारातून वगळण्याविषयी त्या बोलू लागल्या. काकांचा चेहरा उतरला.

मला भीड फार. तरीही मी त्यांना आणखी एकदा चालून दाखवण्याची विनंती केली. तेव्हा लक्षात आले की प्रत्येक गाळ्यापाशी ते झटकन मान वळवून तराजूकडे पाहत. विक्रेता काटा मारत नाही ना, हे पाहण्याची जन्माची सवय! आम्ही तपासणारे मात्र कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवून नाकासमोर चालत असू. मान वळली की नवे दृश्य उभे राहीपर्यंत चित्र क्षणभर गोठे. पण आकडा सरासरीचा असल्याने मागच्यापुढच्या भरभर सरकणाऱ्या चित्रांत तो खंड बुडून जाई. सरासरीऐवजी सर्वांत मोठा खंडच पडद्यावर दाखवावा, असे मी सुचवले.

"सरासरी सगळेच दाखवतात, मॅडम," प्रमुख कुरकुरला. "सगळ्यात मोठा खंड दाखवला तर आपलंच हसं होईल."

तरी त्याने तो दाखवला आणि कसोशीने दुरुस्तही केला. काकांचे उपचार चालू राहिले.

परवा ते आले, चालले, मान वळवली आणि त्यांनी चटकन टेबलाची कड धरली.

"अजून जरासं अडखळतंय हं, बाई. तेवढं काढून टाका, की मी मंडईत जायला मोकळा."

प्रमुखाने माझ्याकडे पाहिले. पडद्यावर खंड कोठेच नव्हता. मी पुनःपुन्हा पडताळून पाहिले. काका उत्साहाने पुढच्या खेपेची वेळ विचारत होते.

आता आकडा खरा आहे, हे त्यांना मी कोणत्या शब्दांत सांगू?