पहिल्या नंबरचं कॉलेज

सिंदी मेघेतल्या सायबर कॅफेत लेकीला शेजारी बसवून मी तिचा प्रवेशाचा फॉर्म भरत होतो, तिथे हा माणूस आधीच ठाण मांडून बसलेला. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत विद्यापीठाच्या गावोगावच्या कॉलेजांच्या जुन्या कटऑफ याद्या. कुणी विचारो न विचारो, बोटाला थुंकी लावून पानं उलटायचा आणि सुरू व्हायचा: इथला कटऑफ दरवर्षी चढून राह्यला, तिथला घसरून राह्यला. माझं डोकं उठलं.

मग त्यानं थेट आमच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. "भाऊ, सर्वात कमी मार्कात लागते ते कॉलेज पयल्या नंबरवर काऊन टाकलं?"

"हातची जागा जाऊ नये म्हणून!" मी खेकसलो.

"पयल्या नंबरचं लागलं का तेच घ्या लागते. मंग दुसरं भेटत नाई."

"तुमचं कोण आहे हो यंदा?"

"कोणीच नाई." तो यादीची घडी घालू लागला. "मागं पोरीच्या फॉर्मात म्या असंच टाकलं होतं. तिले पाहिजे होतं त्या कॉलेजचा कटऑफ त्या साली तिच्या मार्काच्याही खाली उतरला. लागलं असतं."

लेकीनं माझ्या हातातला माऊस काढून घेतला.