नौफाने कॉफीला हात लावला नाही

सफावी गावाच्या पुढे, वाळवंटातल्या काळ्या दगडांच्या माळावर नौफाच्या सत्तर शेळ्या चरत. नवरा गेल्यापासून तिची जीभ धारदार झाली, असं लोक म्हणत. ती आधीही तशीच होती, हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं.

फौजेने तिथे सरावाचा तळ टाकला आणि ट्रक वाटेल तिथून धावू लागले. शेळ्यांची झुडपं चाकांखाली गेली. नौफा तरातरा तळावर गेली आणि तिने मेजर राकानला तासभर सुनावलं. सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला, “मग मावशी, तूच शिकव ना माझ्या पोरांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजर. जवानांना खुर्च्यांवरून उठवून तिने माळभर चालवलं, एकेक झुडूप हुंगायला लावलं. इरबिद शहरातला घस्सान दिसेल त्याला ‘गवत’ म्हणायचा. तिने त्याला शीह नावाच्या झुडपाचा कडू पाला चघळायला दिला. मग संध्याकाळपर्यंत तो झुडपांची नावं घोकत होता. चहासाठी झुडूप उपटायचं नाही, सरड्याचं बीळ बुजवायचं नाही, गाडीचं जळकं तेल मातीत ओतायचं नाही. महिन्याभरात पोरं मेजरपेक्षा तिला जास्त घाबरू लागली.

आणि मग खुद्द मेजरच्याच जीपखाली रतमचं जुनं झुडूप चिरडलं, तिच्या सासऱ्याच्या वेळचं. रस्ता वळसा घेत होता, साहेब घाईत होते.

नौफा भांडली नाही. टोळीतले तीन म्हातारे घेऊन ती मेजरच्या तंबूत गेली, मुलीला मागणी घालायला जातात तशी. बोलायचं सर्वांत थोरल्याने, असं ठरलं होतं. कॉफी आली. नौफाने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

राकानही वाळवंटातल्या बदू भटक्यांचाच मुलगा. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि तो तसाच उठला तर यजमानाला टोळीत तोंड दाखवायला जागा उरत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

“पी मावशी. जे मागशील ते दिलं.”

“अरे, आधी ऐकून तरी घे,” थोरला म्हातारा कळवळून पुटपुटला.

तोवर नौफाने कप रिकामा केला होता. “सगळ्या गाड्यांना एकच रस्ता. दोन्ही कडांना दगड. आणि ते तू मांडायचे.”

मेजरने चार दिवस दगड वाहिले. जवान कामं काढून काढून तिकडून जात.

पुढच्या वर्षी सरहद्दीजवळच्या तळाने नौफाला रीतसर पत्र पाठवून बोलावलं. पत्रात ‘प्रशिक्षक’ लिहिलं होतं. ते तिने दोनदा वाचून घेतलं. येईन, म्हणाली, पण शेळ्यांना मागे ठेवणार नाही. फौजेने दोन ट्रक पाठवले.